बार्सिलोनाचा (बार्सा) डिफेंडर पाउ कुबार्सी खरंच एवढा भारी आहे की बार्साच्या फॅन्सनी उगाच हवा केलीय?

हवा नाहीये, पोरगा खरंच भारी आहे. जन्म २००७ चा, बार्साच्या ला मासिया अकादमीत वाढलेला, आणि मार्च २०२४ मध्ये नापोलीविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मॅचला १७ व्या वर्षी त्यांच्या स्ट्रायकर ओसिमेनला खिशात घालून मॅन ऑफ द मॅच, अजून काय पाहिजे राव! त्याचा पास बघा, समोरचे दोन-तीन जण एका फटक्यात कापून थेट मिडफिल्डरच्या पायात. हां, स्पीड कमी पडतो, कोच फ्लिकच्या हाय लाईनमध्ये (डिफेन्स आपल्या गोलपासून बराच पुढे उभा राहतो) उलटं धावताना ते दिसतं, २०२५ ला बेनफिकाविरुद्ध २२ व्या मिनिटाला रेड कार्ड बसलं ते असंच सुटलेल्या माणसाला पाडून. बार्साच्याच जुन्या लढवय्या डिफेंडर पुयोलशी तुलना मात्र नका करू, हा पिकेच्या, म्हणजे मागून पासिंगने खेळ उभा करणाऱ्या डिफेंडरच्या जातीचा आहे.