रंगमंच सल्ला : केळीच्या घागऱ्यापलीकडची जोसेफिन

प्रश्न : साईखेडकर नाट्यगृहात महिला मंडळासाठी पॅरिस गाजवणारी नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर हिच्यावर वीस मिनिटांचा एकपात्री प्रयोग करायचा आहे. नाच, गाणं, भाषण सगळं मीच करणार, कपडे दोनदा बदलणार. बांधणी कशी करू?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, प्रयोगाची सुरुवात तिच्या आयुष्याच्या शेवटच्या प्रसंगाने करा. ८ एप्रिल १९७५ला पॅरिसच्या बोबिनो थिएटरात तिच्या तिथल्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवरचा कार्यक्रम सुरू झाला आणि चारच दिवसांनी ती गेली. अडुसष्टाव्या वर्षी ही बाई स्टेजवर उभी होती. १९२६मध्ये नाचताना तिने नेसलेला नकली केळ्यांचा घागरा हा त्या पन्नास वर्षांतला एक तुकडा. बहुतेकजण त्यावरच अख्खा प्रयोग रचतात आणि बाईचं कर्तृत्व निसटतं. जन्म १९०६चा, सेंट लुइसच्या गरिबीतला. एकोणिसाव्या वर्षी पॅरिस. १९३४मध्ये संगीतकार ऑफेनबाखच्या संगीतिकेत नायिका. १९३७मध्ये फ्रेंच नागरिकत्व. दुसऱ्या महायुद्धात तिने फ्रान्ससाठी गाण्यांच्या नोटेशनवर अदृश्य शाईने लिहिलेली गुप्त माहिती सीमेपार नेली. २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या नागरी हक्क मोर्चात ती फ्रेंच लष्करी गणवेश घालून बोलली. घागरा, गाऊन आणि गणवेश हे तीन टप्पे पुरेत.

कपड्यांत काढायचं कमी, चढवायचं जास्त ठेवा. आत अंगाच्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा स्ट्रेचेबल सूट. केळी पातळ फोमची, इलॅस्टिकच्या पट्ट्यावर शिवलेली. जड केली तर नाचताना पट्टा खाली घसरतो. पट्ट्याला मागे एकच मोठा हूक. गाऊन गडद निळा, सरळ, पाठीला पाच टिचबटणं. त्यावरच कोट चढवला की गणवेश होतो. वेल्क्रो लावू नका : शांत प्रसंगात त्याचा फर्रर्र आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, शिवाय तो जाळीच्या कापडात अडकतो. विंगेत एक मदतनीस हवी, कपडे घालायच्या क्रमाने उलटे टांगलेले हवेत. पहिला बदल पंचेचाळीस सेकंदांचा धरा, पण त्या जागी संगीत साठ सेकंदांचं ठेवा. तालीम अंधारात करा. उजेडात सहज लागणारं बटण ब्लॅकआउटमध्ये सापडत नाही.

केस चापून बसवायचे, कपाळावर जेलने एक वळण. ती स्वतः 'बेकरफिक्स' नावाने केसांचं क्रीम विकायची, इतका तो केशसंभार गाजला होता. चेहऱ्याला काळा रंग मात्र अजिबात फासू नका. रंगभेद पाळणाऱ्या थिएटरांत गायला तिने नकार दिला होता. तिच्याच प्रयोगात तिचा वर्ण सोंग म्हणून आणणं हा तिचा अपमान आहे.

प्रश्न : नाचता नाचता गाताना दुसऱ्या कडव्यापर्यंत दम लागतो. उपाय?
– एक वाचक, सिडको

उत्तर : गाण्याच्या कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावा आणि लांब सुरावर गिरकी किंवा उडी कधीच ठेवू नका. आधी आठवडाभर भरभर चालत गा, मग फक्त पायांचा ठेका घ्या, हात शेवटी. तरी दम लागला तर पट्टी एक सुराने उतरवा, त्यात कमीपणा नाही. हेडसेट माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला ठेवा. थेट समोर आला की श्वासाचा फुत्कार स्पीकरमध्ये घुमतो. घामाने आवाज बसका येतो, म्हणून प्रत्येक बदलात माइक टिपून घ्या.

प्रश्न : कॅबरे म्हणजे अंगप्रदर्शनच ना?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. १८८१मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये सुरू झालेल्या 'शा न्वार' या कॅबरेमध्ये कवी आणि गायक टेबलांपाशी बसलेल्या लोकांसमोर रचना सादर करत. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, हीच कॅबरेची खूण. आपल्याकडे तमाशाच्या फडापेक्षा संगीतबारीची बैठक त्याच्या जवळची आहे, कारण तिथेही बसून केलेल्या अदाकारीत भुवईची हालचालसुद्धा समोरच्याला दिसते.