थंड खोलीत ब्रूडर (कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायची जागा) गरम कसा ठेवायचा? रात्री पिल्लं चेपून मरतात

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: नागपुरात तळमजल्यावरची फरशीची खोली, गिरिराजा जातीच्या कोंबडीची पन्नास पिल्लं, वय आठवडाभर, वर 9 वॉटचे दोन एलईडी बल्ब. दिवसा पिल्लं छान बागडतात, रात्री एकावर एक चढतात आणि सकाळी खालचं एखादं मेलेलं सापडतं. आता रूम हीटर घ्यावा का, असं विचारताय.

हीटर घेऊ नका. गरम हवा वर छताला जाते आणि पिल्लं असतात फरशीपासून दोन-तीन इंचांवर. अख्खी खोली तापवायची गरजच नाही. एक जागा नीट गरम हवी आणि नको वाटलं तर तिथून सरकायला थंड जागा हवी, एवढंच पिल्लांना लागतं.

एलईडीचा उजेड भरपूर, पण तुमच्या दोन बल्बांची मिळून ताकदच 18 वॉट, त्यात ऊब कुठून येणार? जुने तारेचे पिवळे बल्ब आणा. साधारण हिशेब पिल्लामागे 2 वॉटचा, पण थंड खोलीत 3 ते 4 धरा. म्हणजे तुमच्यासाठी 100 वॉटचे दोन. एकच मोठा लावण्यापेक्षा दोन बरे, मध्यरात्री एक उडाला तरी दुसरा असतो. बारा तास दोन्ही चालले तर जेमतेम अडीच युनिट जळतात. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब वायरवर लोंबकळत न ठेवता साखळीने टांगा, वर पत्र्याची टोपी असू द्या म्हणजे ऊब खाली येईल. काही जण बांबूचं डालगं उलटं घालून त्यात बल्ब सोडतात. मला ते अजिबात पटत नाही, खाली कोरडं तूस आणि वर कोरडा बांबू!

आता आपल्या नागपूरच्या थंडीची खोड. डिसेंबरात दुपारी पारा 28-29 वर असतो आणि पहाटे 10-12 वर येतो, कधी त्याच्याही खाली. (29 डिसेंबर 2018 ला तर तो 3.5 वर गेला होता.) संध्याकाळी सातला बल्बची उंची ठीक वाटली म्हणून तुम्ही झोपता, आणि खरी परीक्षा असते पहाटे चार ते सहा. एक-दोन दिवस गजर लावून पहाटे पाचला बघा आणि उंची त्या वेळेला जुळवा. सुरुवात तुसापासून दीड फुटावर करा. दुपारी एक बल्ब बंद केला तरी चालतो.

थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला धरा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. पण आकड्यापेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट असेल तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन पंख सोडून, चोच उघडी ठेवून बसली तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय.

हा वारा बहुतेक घरांत कूलरच्या खिडकीतून येतो. उन्हाळा संपला की कूलर काढतात किंवा तसाच ठेवतात, पण फटी बुजवायचं कोणी मनावर घेत नाही. उदबत्ती पेटवून पिल्लांच्या उंचीवर फिरवा, धूर कुठे वाकतो ते दिसेल. तिथे बारदाना किंवा पुठ्ठा लावा. मात्र खोली हवाबंद करू नका, वरची झरोक्याची हवा राहू द्या, नाहीतर ओल्या तुसाचा अमोनिया डोळ्यांना झोंबतो. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको, तिचा वायू पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

फरशी खालून ऊब ओढून घेते. आधी पुठ्ठा किंवा बारदाना, वर दोन-तीन इंच तूस टाका. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमुळे आपल्याकडे तूस मिळायला अडचण नाही. भोवती पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंच गोल करा, व्यास साधारण पाच फूट. चौकोनी खोका असेल तर तो आधी बदला, कारण थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात घुसतात आणि चेपाचेपी तिथेच होते. पाणी-दाणा थेट बल्बखाली ठेवू नका.

लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गोलात आडव्या ठेवायच्या आणि अर्ध्या भागावर गोणपाट टाकायचं.

एवढं करूनही मरतूक थांबली नाही, किंवा मागची बाजू पांढऱ्या विष्ठेने चिकटलेली दिसली, तर मग ते निव्वळ थंडीचं नसू शकतं. ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, दुकानदाराच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक पाजत बसू नका.