ग्राहक येतो, पाहतो आणि ऑर्डर न देता जातो : वेबसाइटच्या वापरसुलभतेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं छोट्या व्यावसायिकांची आहेत. पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यातल्या अडचणी जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या वेबसाइटवर सापडतात.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. गेल्या हंगामात वेबसाइट करून घेतली. दिसायला सुरेख आहे, रोज शंभरेक लोक येऊन जातात असं आकडे सांगतात. पण ऑर्डर एखाद-दुसरीच. बाकीचे फोनच करतात. काय चुकत असेल?
(आंबा बागायतदार, देवगड)

फोन करणाऱ्याला आंबा हवा आहे, पण वेबसाइटवरून तो घेता येत नाही. फोनवर लोक काय विचारतात ते आठवडाभर लिहून ठेवा. पेटीत किती फळं, एक फळ साधारण किती ग्रॅमचं, आंबा कच्चा येणार की तयार, नाशिकला किती दिवसांत पोचेल, डाग निघाला तर काय? याची उत्तरं भावाच्या शेजारी, पहिल्याच पानावर हवीत. बागेचा इतिहास खाली गेला तरी चालेल.

मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, साध्या फोनवर वेबसाइट उघडा. बागेचे फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले असतात, एकेक ४ एमबीचा. असे आठ फोटो म्हणजे ३२ एमबी. नेटचा वेग ४ एमबीपीएस असेल, तर सेकंदाला अर्धा एमबी येतो. म्हणजे पान पूर्ण भरायला एक मिनिटाहून जास्त. तेवढं कुणी थांबत नाही. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करा आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवा. १५० केबीच्या आत बसतात आणि फोनवर फरक कळत नाही. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी हा गूगलचा निकष आहे, आणि तो चारपैकी किमान तीन भेटींमध्ये पाळला गेला पाहिजे. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर वेबसाइटचा पत्ता टाकला की आपण कुठे आहोत ते फुकट कळतं.

फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिलेली आहे ना, हेही तपासून घ्या. नसेल तर ब्राउझर फोटोसाठी जागा राखून ठेवत नाही. ग्राहक 'एक डझन' वर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात वरचा फोटो उमटतो, सगळं खाली सरकतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

पुढची गळती भावात होते. पेटीचा भाव एक दिसतो आणि पोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर वाढतो. पिनकोड आधी विचारा आणि तिथल्या तिथे घरपोच एकूण रक्कम दाखवा. तिथे माल पोचवत नसाल तर तेही लगेच सांगा. पत्ता, नाव सगळं लिहून झाल्यावर 'या भागात सेवा नाही' असं वाचणारा ग्राहक पुन्हा येत नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमही एकूण किंमत एका आकड्यात, तपशिलासह दाखवायला सांगतात.

आता फॉर्म. नाव, मोबाइल, पत्ता आणि पिनकोड एवढं पुरे. 'आधी खातं उघडा' ही अट काढून टाका. वर्षातून एकदा आंबा मागवणाऱ्याला तुमचा पासवर्ड लक्षात ठेवायचा नसतो. पिनकोडवरून जिल्हा आणि राज्य आपोआप भरा, पण गावाचं नाव ग्राहकाला लिहू द्या, कारण एका पिनकोडात अनेक गावं येतात. जवळची खूण लिहायला एक रकाना ठेवा. पार्सल आणणाऱ्याला तो उपयोगी पडतो.

मोबाइलच्या रकान्याकडे नीट पाहा. 'दहाच अक्षरं' अशी मर्यादा बहुतेक जण घालतात. ग्राहकाच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर आधी शून्य लावून साठवलेला असतो, म्हणजे अकरा आकडे. तो फोन आपणहून भरतो किंवा ग्राहक चिकटवतो, मर्यादेमुळे शेवटचा आकडा कापला जातो, आणि शून्यापासून सुरू होणारा दहा आकडी चुकीचा नंबर बिनतक्रार स्वीकारला जातो. पार्सल गावात येऊन उभं राहतं आणि फोन लागत नाही. कुणी अधिक ९१ लावतं, कुणी मध्ये जागा सोडतं, मराठी कीबोर्डवर कुणी ९, ८, ७ असे देवनागरी आकडे लिहितं. हे सगळं घेऊ द्या. जागा, ९१ आणि शून्य काढणं, देवनागरी आकडे बदलणं हे चार ओळींचं काम आहे. ते प्रोग्रामकडून करून घ्या. रकान्याचा प्रकार 'टेल' ठेवला की फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. आणि रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलहून लहान असतील, तर आयफोन रकान्यावर बोट ठेवताच पान मोठं करतो आणि पुढचं बटण पडद्याबाहेर जातं.

चूक दाखवताना नुसतं 'अवैध' लिहू नका. 'पिनकोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच लिहिले आहेत' असं त्याच रकान्याखाली लिहा. एका चुकीपायी भरलेला सगळा फॉर्म कोरा होणार नाही, याची खात्री करून घ्या. दुसऱ्यांदा पत्ता लिहायला फार थोडे लोक थांबतात.

प्रश्न : आमच्या पैठण्या वेबसाइटवर विकतो. ग्राहक पैसे भरायच्या पानापर्यंत येतात आणि फोन करून विचारतात, 'क्यूआर स्कॅन कशाने करू?' काही जणांचे पैसे कापले जातात, पण ऑर्डर दिसत नाही. मग आम्हाला बोलणी बसतात.
(पैठणी विक्रेते, येवला)

ग्राहक ज्या फोनवर पैठणी पाहतोय, त्याच फोनच्या पडद्यावर तुम्ही क्यूआर दाखवताय. तो स्कॅन करायला त्याने दुसरा फोन आणायचा कुठून? क्यूआर फक्त कॉम्प्युटरवर दाखवा. फोनवर 'यूपीआयने पैसे भरा' असं बटण द्या, जे त्याच्या फोनमधलं यूपीआय ॲप रकमेसकट उघडेल. याला यूपीआय इंटेंट म्हणतात आणि तुमच्या पेमेंट गेटवेत (वेबसाइटवर पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेत) ही सोय बहुधा आधीच असते, चालू करावी लागते.

पैसे कापले आणि ऑर्डर नाही, याचं नेहमीचं कारण असं : ग्राहक यूपीआय ॲपमध्ये पिन टाकतो आणि तिथूनच निघून जातो, किंवा परत येईपर्यंत फोनने ब्राउझरचं पान बंद केलेलं असतं. तुमची वेबसाइट मात्र तो परत येण्याची वाट पाहते आणि आल्यावरच ऑर्डर नोंदवते. ऑर्डर पैसे भरायच्या आधीच 'प्रलंबित' म्हणून नोंदवा. पैसे मिळाल्याचा निरोप गेटवेकडून थेट सर्व्हरला येऊ द्या (वेबहुक म्हणतात तो हाच) आणि त्यावरून ऑर्डर पक्की करून ग्राहकाला एसएमएस पाठवा. मधल्या वेळात पडद्यावर लिहा : 'बँकेकडून खात्री करून घेत आहोत. पुन्हा पैसे भरू नका. हे पान बंद केलं तरी चालेल.' बटण एकदा दाबल्यावर निष्क्रिय करा, नाहीतर घाबरलेला ग्राहक दोनदा पैसे भरतो.

तुमच्यापर्यंत पैसे पोचलेच नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते ग्राहकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही ओळ वेबसाइटवर ठेवा, फोन कमी होतील. शिवाय यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपयांची आहे. त्याहून महागड्या पैठणीसाठी कार्ड आणि बँक ट्रान्सफर हे पर्याय आधीच दाखवा.

पैठणीच्या फोटोंबद्दल एक आग्रह. पदर जवळून, काठ जवळून आणि साडीची उलटी बाजू, हे तीन फोटो हवेतच. हातमागाची पैठणी पारखणारा ग्राहक उलटी बाजू पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. आणि दोन बोटांनी फोटो मोठा करता येतोय ना ते पाहा. वेबसाइटच्या काही तयार साच्यांत (थीममध्ये) ही सोय मुद्दाम बंद केलेली असते.

प्रश्न : आम्ही मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक विकतो. वेबसाइटवर पुस्तक असतं, पण ग्राहकाने शोधलं तर सापडत नाही. परदेशातल्या वाचकांना तर ऑर्डरच देता येत नाही.
(पुस्तक विक्रेते, पुणे)

आधी पाहा, पुस्तकांची नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात आहेत का. छपाईसाठी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी तशीच चढवली असेल, तर पडद्यावर मराठी दिसलं तरी आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. ती यादी कन्व्हर्टरमधून काढून हाताने तपासावी लागेल, त्याला सुटका नाही.

युनिकोड असूनही सापडत नसेल, तर 'ऱ्या' पाहा. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेल्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र् पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. तुम्ही एका पद्धतीने लिहिलं आणि ग्राहकाने दुसऱ्या, तर 'काहीही सापडलं नाही' असंच उत्तर येणार. साठवताना आणि शोधताना दोन्ही एकाच रूपात आणायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ करा. 'दिवाळि' लिहिणाऱ्यालाही दिवाळी अंक दिसू द्या. रोमनमधून शोधणारे तर भरपूर, म्हणून प्रत्येक पुस्तकाला आणि लेखकाला रोमन रूपही जोडून ठेवा.

वाचायला सोपं जावं म्हणून मजकूर १७-१८ पिक्सेलचा आणि ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडतात. अक्षरांमध्ये जादा अंतर कधीही देऊ नका, शिरोरेघ तुटते. पानाची भाषा कोडमध्ये 'मराठी' अशी नोंदवली, तर काही फाँट, उदाहरणार्थ नोटो, ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल जड असते, त्यामुळे साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार घ्या.

परदेशच्या ग्राहकाला तुमचा फॉर्म अडवतोय. सहा आकडी पिनकोड सक्तीचा असेल, तर लंडनचा वाचक काय लिहील? तिथल्या पोस्टकोडात अक्षरं असतात. दुबईत घरोघरी पोस्टकोड वापरलाच जात नाही. देश सर्वांत आधी विचारा आणि त्याप्रमाणे रकाने बदला. ओटीपी फक्त भारतीय नंबरवर जात असेल, तर ईमेलवरही पाठवा.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. वेबसाइटवर फिकट अक्षरं वाचता येत नाहीत. वस्तू घेताना नकळत विम्याचे पैसेही लागतात. याला काही नियम आहेत की नाही?
(एक वाचक, सोलापूर)

आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ या प्रमाणात असावा, असं वेबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर त्यात नापास होतं. वेबसाइट चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. तोवर तुमच्यासाठी एक उपाय : अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून अक्षरांचा आकार वाढवा.

आधीच खूण केलेला विम्याचा चौकोन ही फसवणूक आहे. अशा तेरा क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला बंदी घातली. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई करणं, वर्गणी बंद करायची वाट लपवणं हे सगळं त्यात येतं. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि वेबसाइटवरच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : दापोलीजवळ आमचं घरगुती निवासाचं ठिकाण आहे. तज्ज्ञ नेमायला पैसे नाहीत. वेबसाइट सोपी आहे की नाही, हे आपलं आपण कसं तपासायचं?
(निवास चालक, दापोली)

पाच माणसं पुरतात. याकोब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० साली हे मांडलं : पहिल्या पाच जणांतच बहुतेक अडचणी उघड होतात, पुढचे तेच तेच दाखवतात. पंधरा जण मिळणार असतील, तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मध्ये दुरुस्त्या करा.

माणसं घरची नकोत, वेबसाइट आधी पाहिलेली नकोत, आणि फोन त्यांचा स्वतःचा हवा. 'आवडली का?' विचारू नका; आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. काम द्या : '१४ ते १६ जानेवारी, दोन मोठी माणसं आणि सहा वर्षांचं एक मूल. एकूण किती पैसे होतील ते काढा आणि खोली राखून ठेवा.' मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. 'वरचं बटण दाबा' असं एकदा जरी सुचवलंत, तरी ती चाचणी वाया गेली.

कागदावर तीन गोष्टी टिपा : अंगठा कुठे थबकला, कुठे मागे जाऊन पुन्हा शोधलं, आणि तुम्हाला काय विचारावंसं वाटलं. निवासाच्या वेबसाइटवर अडतं ते बहुधा इथे : मुलाचे पैसे लागतात का ते लिहिलेलं नसतं, कॅलेंडरात भरलेल्या तारखा रिकाम्यांसारख्याच दिसतात, जेवणाचे पैसे धरलेत की वेगळे ते कळत नाही, आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळणार हे शोधूनही सापडत नाही. तारीख ०४/०५ अशी दाखवू नका, '४ मे, सोमवार' असं वार घालून लिहा.

पाचांपैकी तिघे जिथे अडले, ते आधी दुरुस्त करा. मग नवे पाच जण बोलवा. जुन्यांना आता वाट ठाऊक झालेली असते.