दर कमी, तरी निविदा बाद

प्रश्न : आम्ही कार्यालयीन फर्निचर बनवून पुरवतो. एका सरकारी कार्यालयाच्या खरेदीत आमची निविदा तांत्रिक छाननीतच अपात्र ठरली. ज्यांना काम मिळाले त्यांचा दर आमच्यापेक्षा जास्त आहे. कारणाच्या रकान्यात ‘सशर्त निविदा’ एवढेच लिहिले आहे, परंतु आम्ही एकही अट घातलेली नव्हती. निविदेची व आमच्या प्रस्तावाची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : अट घातली गेली आहे, फक्त ती तुमच्या लक्षात आलेली नाही. तुमच्या लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘दर ३० दिवसांपर्यंतच लागू’ अशी ओळ कायमची छापलेली आहे, आणि निविदेत दर ९० दिवस कायम ठेवण्याची मागणी आहे. तुमच्या सहपत्राचा कागद असा मूळ अटीच्या विरुद्ध बोलतो.

इतक्या क्षुल्लक ओळीवरून निविदा बाद करणे तुम्हाला जाचक वाटेल. परंतु ९० दिवस दर बांधून ठेवायचा म्हणजे तेवढ्या काळात कच्चा माल महागण्याची जोखीम पत्करायची, आणि इतरांनी ती जोखीम आपल्या दरात धरलेली असते. तुम्हाला सूट दिली तर त्यांच्यावर अन्याय होतो. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा तपासतात आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतात, त्यामुळे तुमचा दर किती कमी होता हे समितीपुढे आलेच नाही. ‘सर्वांत कमी दर’ याचा अर्थ पात्र निविदांमधील सर्वांत कमी दर असाच घ्यावा. एखादी अट परवडणारी नसेल, तर ती निविदापूर्व बैठकीत किंवा खुलासा मागण्याच्या मुदतीत लेखी मांडावी. तो आक्षेप मान्य झाला तर शुद्धिपत्रक निघते आणि बदल सर्वांनाच लागू होतो. निविदा भरताना मात्र साधे पत्रही कोऱ्या कागदावर लिहिलेले बरे.

प्रश्न : दरपत्रकात बेरीज-गुणाकार चुकला तर काय होते?

उत्तर : जागतिक बँकेच्या नमुना निविदा-दस्तऐवजांत, आणि इतरही अनेक ठिकाणी, नग-दर व एकूण रक्कम जुळत नसल्यास नग-दर ग्राह्य धरून एकूण रक्कम दुरुस्त करतात, अंक आणि अक्षरे यांत तफावत असेल तर सामान्यतः अक्षरांतील रक्कम मानतात. समजा, २५० खुर्च्या, प्रत्येकी ८४०, आणि एकूण रकमेच्या जागी घाईत २,०१,००० लिहिले गेले. समिती ते २,१०,००० करील, आणि दुसऱ्याची निविदा २,०५,००० ची असेल तर तुम्ही पहिल्या क्रमांकावरून खाली याल. दुरुस्ती नाकारली तर निविदा बाद होते आणि बयाणा रक्कमही जप्त होऊ शकते. नग-दराचा रकाना म्हणूनच सर्वांत शेवटी, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : अपात्र ठरल्यावर सविस्तर कारण मागता येते का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी येते. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदीविषयक करारात सामील झालेल्या देशांत, त्या कराराखाली येणाऱ्या खरेदीत, पुरवठादाराने मागणी केल्यास त्याची निविदा का निवडली नाही आणि यशस्वी निविदा कोणत्या बाबतीत सरस होती, हे खरेदीदाराला सांगावे लागते. युरोपीय संघाच्या नियमांखालील मोठ्या खरेदीत निर्णय इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवल्यानंतर किमान १० दिवस करार करता येत नाही, म्हणजे हरकतीला जागा राहते. तुमच्या निविदेत ही मुदत किती दिवसांची आहे ते निकालाच्या दिवशीच पाहावे. करारावर सह्या झाल्यानंतर हरकत मान्य झाली तरी काम परत मिळणे फार अवघड असते. पुष्कळदा नुकसानभरपाईच तेवढी मागता येते.