मिरजेत हर्नियाचं ऑपरेशन आहे, दादा व्यसन सोडवण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन घेतो. ती गोळी आधी बंद करावी का?

नाही, बंद करू नका. ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घ्यायची असते. ती जिभेखाली विरघळते, त्यामुळे उपाशीपोटीच्या नियमाची अडचण येत नाही. बंद केली की अंगदुखी, जुलाब, तळमळ सुरू होते, वर जखमेचं दुखणं, आणि माणूस पुन्हा व्यसनाकडे वळण्याची भीती खरी असते. भूलशास्त्रात आता गोळी चालू ठेवण्याचीच पद्धत आहे. तिचा तलफ रोखणारा परिणाम दिवसभर टिकतो, पण वेदनाशामक परिणाम जेमतेम 6 ते 8 तास. म्हणून तोच रोजचा डोस तीन भागांत, दर 8 तासांनी देता येतो; हे डॉक्टरांनीच ठरवायचं. भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पट्टी आधीच दाखवा आणि एवढं विचारा:

- जखमेभोवती ब्युपिव्हॅकेन (जागा बधिर करणारं औषध) किंवा नर्व्ह ब्लॉक (तिथली नस बधिर करणारं इंजेक्शन) देणार का?
- पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखायची वाट न बघता देणार का? (मोठ्या माणसाला सहसा एका वेळी 1 ग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त 4 ग्रॅम, लिव्हर खराब असेल तर कमी.)
- पेन्टाझोसिनचं (एक वेदनाशामक) इंजेक्शन टाळणार ना? त्याने विथड्रॉवल, म्हणजे गोळी बंद केल्यावर होतो तसा त्रास, उसळू शकतो.

मात्र गोळी नाल्ट्रेक्सोनची (व्यसनमुक्तीचंच, पण अफूवर्गीय औषधांचा परिणाम अडवणारं औषध) असेल तर उलटं: ती साधारण 3 दिवस आधी थांबवावी लागते. पट्टीवरचं नाव आजच वाचा.