ताणाखाली हृदय आणि रक्तवाहिन्या एकमेकांचं किती ऐकतात, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: झटकन उभं राहिलं तरी नाडी वाढते आणि परीक्षेच्या धास्तीनंही वाढते, मग दोन्ही वेळी हृदय आणि रक्तवाहिन्यांमधली देवाणघेवाण सारखीच असते का, आणि ती मोजायला सहसंबंध पुरेल का?

सहसंबंध पुरत नाही. मी रत्नागिरीचा. तिथल्या मिरकरवाडा बंदरात शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या बघा. भरतीला दोन्ही वर, ओहोटीला दोन्ही खाली. सहसंबंध घट्ट, पण एकीमुळे दुसरी हलते असं थोडंच आहे? शरीरातली ही भरती-ओहोटी म्हणजे श्वास. तो नाडीही हलवतो आणि रक्तदाबही. म्हणून छातीला पट्टा लावून श्वास नोंदवायचा आणि हिशेबात धरायचाच.

दिशा कळायला मी ट्रान्सफर एन्ट्रॉपी वापरतो. माहिती आकड्यात मोजण्याच्या क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या कल्पनेवर थॉमस श्रायबर यांनी २००० साली ही मोजणी मांडली. पुढचा ठोका किती वेळानं पडेल, हे आधीच्या ठोक्यांवरून ओळखायचं. थोडी अनिश्चितता उरतेच. आता रक्तदाबाचा इतिहासही हाती दिला. अनिश्चितता जेवढी घटली, तेवढी माहिती दाबाकडून हृदयाकडे आली. मोजायची बिटमध्ये, म्हणजे माहितीच्या एककात. मग उलट दिशेनंही हेच करायचं, कारण वाटा दोन आहेत. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब पडला की ती मेंदूमार्फत हृदयाला पळवतात. उलट, दोन ठोक्यांतलं अंतर वाढलं की हृदय जास्त भरतं आणि पुढचा फटका जोरात बसतो, शिवाय तेवढ्या वेळात धमन्यांतला दाबही जास्त उतरतो.

लावणीच्या दिवसांत आई तासन् तास वाकून रोपं लावायची. कंबर सरळ केली की बांधावरचा माड धरून क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. रक्त पायांकडे उतरलेलं असायचं आणि ही पहिली वाट तिला सावरत असायची. म्हणून उभं राहण्याच्या चाचणीत, धडधाकट तरुण माणसात, दाबाकडून हृदयाकडे जाणारी माहिती वाढलेली दिसते. मनातल्या मनात हजारातून सात-सात वजा करायला लावा: नाडी वाढते, पण ती माहिती तशी वाढत नाही. हुकूम वरून, मेंदूकडून येतो. नाडीचा आकडा सारखा असला तरी हाकणारा वेगळा, हे दाखवतं म्हणून मला ही मोजणी इतकी मोलाची वाटते.

आता हाताने करायचं ते. दाब प्रत्येक ठोक्याला हवा, तेव्हा दंडाचा पट्टा उपयोगाचा नाही. बोटावरचा लागतो (ही युक्ती यान पेनाझ यांची, १९७३). उभं केल्यावर ते बोट हृदयाच्याच उंचीला ठेवा; सेंटिमीटरभर खाली गेलं तर पाऊण मिलिमीटर पाऱ्याइतका खोटा दाब वाढतो. वजाबाकी मोठ्यानं बोलून करून घेऊ नका, श्वास विस्कटतो. मी मुलांना माऊसवर उत्तर निवडायला देतो. स्थिर असे तीनेकशे ठोके घ्या. एखादा अवेळी पडलेला ठोका सापडला तर तो तुकडा सोडा.

ट्रान्सफर एन्ट्रॉपीचा आकडा शून्य कधीच येत नाही, नुसत्या योगायोगानंही थोडा येतो. म्हणून दाबाची अख्खी मालिका वीसहून जास्त ठोके पुढे सरकवून, म्हणजे खरा दुवा तोडून, तीच मोजणी शंभर वेळा, दर वेळी वेगळ्या अंतरानं करा. खरा आकडा त्या गर्दीतून वर निघाला, तरच माना.

आणि माझे चार दिवस खाल्लेली चूक सांगतो. उभं राहिल्यावर हृदयच दाबाला हाकतंय असं माझं उत्तर येत होतं. शेवटी दोन्ही लाटा कागदावर छापून पट्टीनं रेघा मारल्या, तेव्हा दिसलं की दाबाची यादी एका ठोक्यानं सरकली होती. हृदयाचा जलद प्रतिसाद त्याच ठोक्यात उमटतो, त्यामुळे एवढ्यानंच दिशा उलटते. तुमच्या नोंदीत प्रत्येक दाबाचं शिखर कुठल्या दोन ठोक्यांमधलं, हे आधी पहिल्या दहा ठोक्यांवर बोट ठेवून तपासा.