जर्सी बेटावर सेंट वॉनला राहायला यायचं म्हणताय तर

तुमचा प्रश्न वाचला. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या या जर्सी बेटावर नर्सची नोकरी मिळते आहे, यजमान आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, आणि फोटो बघून बेटाच्या वायव्य टोकाची सेंट ओएन पॅरिश (पॅरिश म्हणजे बेटाच्या कारभाराचा एक विभाग) मनात भरली आहे. तिथे राहणं कसं असतं, कारभार कोण बघतं, आणि हे इंग्लंडच ना, असं विचारलंय. मी याच पॅरिशमध्ये राहतो, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. आणि हो, लिहितात ओएन, पण इथले लोक म्हणतात ‘वॉन’. बसमध्ये ओएन म्हटलंत तर ड्रायव्हर गालात हसेल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हे इंग्लंड नाही, आणि युनायटेड किंगडमचा भागही नाही. जर्सी ब्रिटिश राजाच्या छत्राखाली आहे, पण विधानसभा, कोर्ट, कर आणि कामाचे परवाने सगळं बेटाचं स्वतःचं. १२०४ साली इंग्लंडच्या जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, जर्सी आणि शेजारची बेटं मात्र राजाकडेच राहिली. त्यामुळे इथला जमिनीचा कायदा अजून नॉर्मन वळणाचा आहे. शेजारी तुमच्या हद्दीत भिंत घालायला लागला, तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकून ‘हारो! हारो! हारो!’ अशी फ्रेंचमध्ये दाद मागता येते, आणि कोर्टात निकाल लागेपर्यंत त्याला काम थांबवावं लागतं. हे अजून कायद्यात आहे. विनोद म्हणून ओरडू नका, दंड होतो.

आणि हे अमेरिकेतलं न्यू जर्सीही नाही. गावी फोन केला की ‘न्यू जर्सीतल्या एडिसनला ना तू?’ हे ऐकावंच लागतं. गंमत अशी की त्या न्यू जर्सीला नाव इथूनच मिळालं. १६६४ साली ज्या दोघांना तिकडची जमीन मिळाली, त्यातला एक जॉर्ज कार्टरेट. हे कार्टरेट घराणं मूळचं सेंट वॉनचं, त्यांचा वाडा अजून पॅरिशमध्ये उभा आहे. आपल्याकडच्या गोठ्यांतली जर्सी गायही इथलीच. जात शुद्ध राहावी म्हणून अठराव्या शतकातच बाहेरची गुरं बेटावर आणायला बंदी घातली होती.

आता भूगोल. बेट जेमतेम नऊ मैल लांब आणि पाच मैल रुंद, वस्ती लाखाच्या थोडी वर. पॅरिश बारा, आणि प्रत्येकीला समुद्र लागतोच. सेंट वॉन क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठी, पण माणसं चार हजारांच्या आसपास. उत्तरेला उभे कडे आहेत. त्यांच्या टोकावर ग्रोनेझ किल्ल्याची चौदाव्या शतकातली कमान तेवढी शिल्लक आहे, आणि जवळच प्लेमाँची पुळण. पश्चिमेला वाळूचा भलामोठा किनारा दक्षिणेकडे आणखी दोन पॅरिशमध्ये पसरत जातो. मधल्या पठारावर बटाट्याची शेतं आणि अरुंद गल्ल्या. गल्लीच्या तोंडाशी लाकडी कपाटात अंडी, बटाटे, फुलांच्या जुड्या ठेवलेल्या असतात, शेजारी पैशांचा डबा. राखायला कोणी नसतं. सुट्टे पैसे खिशात ठेवायची सवय लावा.

फोटोत वारा दिसत नाही, म्हणून सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अटलांटिककडून येणारा वारा थेट पश्चिम किनाऱ्यावर आपटतो. खिडक्यांवर मिठाचा थर बसतो, बाहेर वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याच्या शेतात सापडतात. भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या घरात जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत वर येतं. मुलीला घेऊन खडकांत खेकडे बघायला जाल तेव्हा भरतीची वेळ बघूनच निघा.

कारभाराचं मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचा रोजचा संबंध त्याच्याशीच येणार. पॅरिश हे नुसतं चर्चचं क्षेत्र नाही. आपल्या ग्रामपंचायतीला थोडे पोलिसी आणि थोडे आरटीओचे अधिकार दिले तर जे होईल, ते म्हणजे इथला पॅरिश हॉल. ड्रायव्हिंग लायसन्स तिथून मिळतं, कुत्र्याचा परवानाही तिथूनच. प्रमुखाला कॉन्स्टेबल म्हणतात. हवालदार समजू नका. तो निवडून आलेला पुढारी असतो आणि पदसिद्ध म्हणून बेटाच्या विधानसभेतही बसतो. २०२२ च्या निवडणुकीत ४९ सभासदांत १२ कॉन्स्टेबल आणि ३७ डेप्युटी, म्हणजे निवडून आलेले बाकीचे प्रतिनिधी, अशी रचना होती. पॅरिशच्या पैशांवर नजर ठेवायला दोन प्रोक्युरर असतात, तेही निवडलेले. बाकीच्या पॅरिशमधल्या पोटविभागांना ‘व्हँतेन’ म्हणतात, आमच्याकडे मात्र ‘क्यूयेत’. या वेगळेपणाचा इथल्या जुन्या लोकांना फार अभिमान.

पगारी पोलीस बेटाला आहेतच, पण प्रत्येक पॅरिशचे मानद पोलीस वेगळे. सेंटनिअर हे त्यातलं मोठं पद. दिवसा सुतारकाम किंवा बँकेतली नोकरी करणारा माणूस रात्री ड्यूटीवर असतो, पगार शून्य. एखाद्यावर औपचारिक आरोप ठेवायचा अधिकार सेंटनिअरलाच आहे, पगारी पोलिसांना नाही. जोरात गाडी चालवणं, पोरांनी काच फोडणं असली प्रकरणं संध्याकाळी पॅरिश हॉलमध्ये त्याच्यासमोर येतात, आणि बरीचशी ताकीद किंवा छोटा दंड होऊन तिथेच मिटतात. बाहेरून आलेल्याला हे आधी कच्चं वाटतं. मला आता उलट वाटतं. सोळा वर्षांच्या पोराला कोर्टाची पायरी चढायला लावण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये, कॉन्स्टेबल आणि त्याची माणसं मोजपट्टी लावलेली काठी घेऊन रस्त्यांवरून फिरतात. कुंपणाची फांदी रस्त्यावर बारा फुटांच्या आत किंवा पाऊलवाटेवर आठ फुटांच्या आत लोंबत असेल, तर मालकाला दंड. याला ‘ब्राँशाज’ म्हणतात. आमच्या शेजारचे आजोबा जून लागला की रोज सकाळी कात्री घेऊन शिडीवर. तुम्ही भाड्याने राहिलात तरी कुंपण कापायचं कोणी, हे करारात वाचून घ्या.

पॅरिशचा कर, म्हणजे रेट्स, घरमालकालाही लागतो आणि राहणाऱ्यालाही. १ जानेवारीला जो घरात राहतो, त्याच्या नावावर वर्षाचं बिल निघतं. दर किती ठेवायचा ते रेट भरणारे लोक सभेत हात वर करून ठरवतात. त्या सभेला जा. पहिल्या खेपेला नुसतं बसा, पण जा. इथे ओळखी अशाच होतात. आणि मतदानाला ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. वय सोळा पूर्ण आणि बेटावर दोन वर्षं वास्तव्य झालं की भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं. निवडणूक लढवून विधानसभेत बसायचं तर मात्र ब्रिटिश नागरिकत्व हवं.

इतिहास खूप आहे, दोन-तीन गोष्टीच सांगतो. १५६५ साली इथल्या एल्ये द कार्टरेटने राणी एलिझाबेथकडून शेजारच्या ओसाड सार्क बेटाची सनद मिळवली आणि चाळीस कुटुंबं तिकडे वसवली, बहुतेक सेंट वॉनची. लोकरी विणकामाचं वेड इतकं वाढलं होतं, की १६०८ मध्ये सुगीच्या दिवसांत विणायला बसू नये असा कायदा करावा लागला.

पण आजही लोकांच्या बोलण्यात येतो तो जर्मन ताबा, १ जुलै १९४० ते ९ मे १९४५. पश्चिम किनाऱ्यावरची फिरायला छान वाटणारी काँक्रीटची भिंत रणगाडे अडवायला जर्मनांनी बांधून घेतली, आणि त्या कामाला युरोपभरातून पकडून आणलेले मजूर जुंपले होते. सेंट वॉनमधल्या मिले वाडीत किराणा दुकान चालवणाऱ्या लुईझा गूल्ड या विधवेने पळालेल्या एका रशियन कैद्याला घरात लपवलं. तिचा स्वतःचा मुलगा ब्रिटिश नौदलात मारला गेला होता. कोणीतरी चहाडी केली. तिला १९४४ मध्ये अटक झाली आणि १९४५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. तो रशियन मात्र वाचला. चार हजारांच्या पॅरिशमध्ये चहाडी कोणी केली याची चर्चा किती पिढ्या चालत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ९ मे ला सुट्टी असते. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि ऐका.

आता व्यवहाराचं. इथे आयकर २० टक्क्यांपर्यंत, जीएसटी ५ टक्के. इंग्लंडची आरोग्यसेवा इथे लागू नाही, फॅमिली डॉक्टरकडे गेलात की पैसे मोजावे लागतात. प्राथमिक शाळा पॅरिशमध्येच आहे, माध्यमिकला दक्षिणेकडे जावं लागतं. बस आहे, पण रात्रपाळीची नोकरी असेल तर तिच्या भरवशावर राहता येणार नाही. हॉस्पिटल सेंट हेलियर शहरात आहे. गाडीचा वेग कुठेही ताशी ४० मैलांच्या वर नाही, आणि हिरव्या पाटीच्या गल्ल्यांत १५. कोथिंबीर, कढीपत्ता, तूरडाळ शहरात मिळतं. फ्रान्सचा किनारा स्वच्छ दिवशी डोळ्यांना दिसतो, पण आपल्या पासपोर्टला बोटीने तिथल्या सेंट मालो बंदराला जायचं तरी शेंगेन व्हिसा लागतो.

म्हणून माझं मत: पहिलं वर्ष शहरात किंवा त्याच्या जवळच्या पॅरिशमध्ये काढा. एक हिवाळा बघा, गाडी घ्या, आणि मग सेंट वॉनचा विचार करा.

आणि सही करण्याआधी नोकरी देणाऱ्यांकडून एक गोष्ट लेखी घ्या: तुमचा दर्जा ‘लायसन्स्ड’ असेल की ‘रजिस्टर्ड’. लायसन्स्ड असाल तर चांगलं घर स्वतःच्या नावावर भाड्याने घेता येतं आणि यजमानांनाही काम करायचा हक्क मिळतो. रजिस्टर्ड असाल तर ठरावीक प्रकारच्या घरांतच राहावं लागतं, आणि तशी घरं आमच्या बाजूला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पूर्ण हक्काला दहा वर्षं थांबावं लागतं. हंगामी परवाना देत असतील तर कुटुंब आणता येईल का, हे वेगळं विचारा. उत्तर आलं की कळवा, मग भाड्याचं बोलू.